आकड्याचा नाद

इंटरनेट किती मोठं झालं हे आकड्यांत सांगणं, हा बरीच वर्षं माझ्या पोटापाण्याचा भाग होता. डीटीपीच्या कामातून मी लिहिण्याकडे आले. संगणकाविषयी मराठीत लिहिणारी बाई म्हटल्यावर डिसेंबर आला की संपादकांची ठरलेली मागणी यायची: 'इंटरनेट कुठवर पोचलं' यावर आठशे शब्द द्या. मी हौसेनं द्यायची. इतके कोटी लोक, इतकी अब्ज पानं, गेल्या वर्षीपेक्षा एवढे टक्के जास्त, आणि शेवटच्या परिच्छेदात हमखास एक खंत, की या सगळ्यात मराठी कुठे आहे.

त्या खंतेमागे माझी एक पक्की समजूत होती. इंटरनेट वाढतंय म्हणजे ज्ञान वाढतंय, आणि त्या पंगतीत मराठीला पाट हवा असेल तर मराठीचा आकडा वाढायला हवा. पानं वाढवा, लेख वाढवा, साइट वाढवा. दर्जाचं पुढे बघू, आधी गर्दी करा. हे मी लिहिलं, सभांमधून बोलले, त्यावर टाळ्या घेतल्या, आणि माझं ऐकून काही लोक कामालाही लागले. त्यातले काही अजून लागलेलेच आहेत. म्हणून हे जाहीरपणे सांगायला हवं: माझं आता तसं मत राहिलेलं नाही.

मत बदलल्याचं जाहीर करण्याची या क्षेत्रात एक झकास परंपरा आहे. इथरनेटचे एक जनक बॉब मेटकाफ यांनी डिसेंबर १९९५ मध्ये 'इन्फोवर्ल्ड'मधल्या आपल्या सदरात भाकीत केलं होतं, की वाढीचा ताण न सोसून १९९६ मध्ये इंटरनेट कोसळेल. कोसळलं नाही. १९९७ मध्ये एका परिषदेत मेटकाफ यांनी तो छापील कागद मिक्सरमध्ये फिरवला आणि सगळ्यांदेखत गिळून टाकला. माझे लेख न्यूजप्रिंटवर आहेत आणि संख्येनंही जास्त आहेत, तेव्हा तो प्रयोग मी करणार नाही. शिवाय माझं मत असं एका घोटात बदललंही नाही. ते वर्षानुवर्षं, तुकड्यातुकड्यानं झिजत गेलं.

आकड्यांचं वेड मला लागलं ते सुरुवातीच्या आकड्यांमुळे. ऑगस्ट १९८१ मध्ये या जाळ्यावर २१३ यंत्रं होती. दोनशे तेरा! पुढे मार्क लॉटर यांनी अशी यंत्रं मोजणारा प्रोग्रॅम लिहिला. त्यांच्या मोजणीत ऑक्टोबर १९९२ मध्ये हा आकडा दहा लाखांपुढे गेलेला दिसतो. वेबचंही तसंच. एमआयटीत शिकणाऱ्या मॅथ्यू ग्रे यांनी जून १९९३ मध्ये वेबवर भटकून साइट मोजणारा एक प्रोग्रॅम सोडला, त्याला १३० साइट सापडल्या. दीड वर्षानं दहा हजार. आपल्याकडची सुरुवातही याच गोत्रातली. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानं यूएनडीपीच्या मदतीनं शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणाऱ्या अर्नेटचा प्रकल्प हाती घेतला. त्यात पाच आयआयटी, बंगळुरूची आयआयएससी आणि जुहूची एनसीएसटी अशा मोजक्या संस्था होत्या. जुहू आणि पवईची आयआयटी यांच्यात पहिल्यांदा ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली, तेव्हा देशातलं जाळं म्हणजे जवळजवळ मुंबईच्या दोन उपनगरांमधली एक टेलिफोन लाइन होती. या सगळ्या आकड्यांत एक सचोटी होती. मोजणाऱ्याला त्यातून काही विकायचं नव्हतं.

विकायचा माल असलेला पहिला मोठा आकडा नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात आला: 'इंटरनेटवरची वाहतूक दर शंभर दिवसांनी दुप्पट होते.' तो पसरवण्यात पुढे होती अमेरिकेतली वर्ल्डकॉम ही कंपनी. इंटरनेटचा कणा चालवणारी यूयूनेट तिच्याच ताब्यात होती, त्यामुळे हे घरातलं माणूस सांगतंय असं सगळ्यांना वाटलं. १९९८ मध्ये अमेरिकेच्या वाणिज्य खात्यानं आपल्या अहवालात तो आकडा छापला, आणि मग तो कोणा एकाचा उरला नाही. बँकांनी वापरला, शेअर दलालांनी वापरला, जगभरच्या वृत्तपत्रांनी वापरला. मीही वापरला. गणित करून पाहिलं नाही. शंभर दिवसांना दुप्पट म्हणजे वर्षाला साडेबारा पट होते. चार वर्षं तसंच चाललं तर चोवीस हजार पट. एवढी वाहतूक करायला तेवढी माणसं आणि तेवढे संगणक कुठून येणार, हा प्रश्न शाळकरी मुलालाही पडावा.

गंमत अशी, की त्याच १९९८ मध्ये खरी मोजणी झालेली होती. एटी अँड टीच्या प्रयोगशाळेतल्या कॉफमन आणि अँड्र्यू ओडलिझ्को या दोघांनी इंटरनेटचा आकार आणि वाढीचा वेग यांवरच एक शोधनिबंध लिहिला. १९९५-९६ मध्ये थोडा काळ वाहतूक खरोखरच अशा वेगानं वाढली होती, पण त्याआधी आणि नंतर ती साधारण वर्षाला दुप्पट होत होती, असा त्यांचा निष्कर्ष होता. वर्षाला दुप्पट ही वाढही अफाटच. चार वर्षांत सोळा पट. पण सोळा आणि चोवीस हजार यांच्या मधल्या दरीत कंपन्यांनी अब्जावधी डॉलर ओतले, जमिनीखाली आणि समुद्राखाली काचेच्या तारा अंथरल्या, आणि त्यातून जायला पुरेशी वाहतूक आलीच नाही. जानेवारी २००२ मध्ये ग्लोबल क्रॉसिंग दिवाळखोरीत निघाली, जुलैमध्ये खुद्द वर्ल्डकॉम. मुंबईच्या किनाऱ्याला लागणारी केबल जिची होती ती फ्लॅग टेलिकॉमही त्याच वर्षी गेली.

पुढचा भाग आपल्या फायद्याचा आहे, म्हणून आपण तो फारसा सांगत नाही. फ्लॅग रिलायन्सनं सुमारे २१ कोटी डॉलरला घेतली. टायको कंपनीनं जगभर टाकलेलं साठ हजार किलोमीटरचं समुद्री जाळं, जे उभारायला अब्जावधी डॉलर लागले होते, ते टाटांकडे आलेल्या व्हीएसएनएलनं १३ कोटी डॉलरला उचललं. अमेरिकेतल्या खोट्या आकड्याचा माल आपल्याला मोडीच्या भावात मिळाला. हिंजवडीत बसून न्यूयॉर्कच्या बँकेचं काम करणं परवडायला लागलं, त्यात या स्वस्त तारांचाही वाटा आहे.

त्यामुळे शंभर दिवसांचं बिंग फुटलं तरी माझं मत बदललं नाही, उलट घट्ट झालं. आकडा खोटा का असेना, तारा तर खऱ्या आहेत, असं मी तेव्हा मोठ्या ऐटीत लिहिलं होतं. आधी फुगवा, मागून भरेल. मराठीच्या बाबतीत माझा युक्तिवाद तोच होता.

पहिला खरा धक्का बसला तो २००५ मध्ये. तेव्हा गूगलच्या पहिल्या पानावर तळाशी एक आकडा असायचा: आम्ही इतकी पानं शोधतो. २००४ च्या नोव्हेंबरात तो एकदम दुप्पट होऊन आठ अब्जांवर गेला होता. ऑगस्ट २००५ मध्ये याहूनं जाहीर केलं की आमच्याकडे एकोणीस अब्जांहून जास्त पानं आहेत. आता गूगल काय सांगतं इकडे माझ्यासारख्यांचे डोळे लागले, आणि सप्टेंबरात गूगलनं तो आकडा पानावरून चक्क काढूनच टाकला. त्याचा अर्थ मला तीन वर्षांनी कळला. २००८ मध्ये गूगलनं सांगितलं, की वेबवर आम्हाला दिसलेल्या वेगवेगळ्या पत्त्यांची संख्या एक हजार अब्जांवर गेली आहे. हे मी ठळक अक्षरांत छापलं. पण त्याच निवेदनात एक कबुली होती, ती मात्र मी गाळली. समजा एखाद्या साइटवर दिनदर्शिका आहे आणि तिच्यात 'पुढचा दिवस' अशी कळ आहे. मोजणारं यंत्र ती कळ दाबत राहिलं तर उद्या, परवा, तेरवा करत अनंतापर्यंत नवीन पान मिळत राहील. म्हणजे वेबला आकार असा नाहीच. कुठे थांबायचं हे मोजणाऱ्यानं ठरवलं, की तिथे आकार होतो. नेटक्राफ्ट ही संस्था १९९५ पासून साइट मोजते आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये तिच्या मोजणीत पहिल्यांदा एक अब्ज साइट भरल्या. त्यांपैकी खऱ्याखुऱ्या चालू साइट पाचवा हिस्साही नव्हत्या; बाकीची नुसती नावं राखून ठेवलेली, किंवा एकाच साच्यातून यंत्रानं काढलेली.

हे सगळं कळूनही मी मराठीपुरता माझा हट्ट सोडला नव्हता. तो सोडवला फिलिपिन्समधल्या एका भाषेनं.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. आज तिथे लाखाच्या आसपास लेख आहेत. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक निघाले, त्या मानानं हा आकडा फारच लहान, हे माझं पालुपद होतं. तुलनेसाठी सगळ्या भाषांची उतरती यादी उघडली, तर इंग्रजीच्या खाली दुसऱ्या क्रमांकावर जर्मन नाही, फ्रेंच नाही, चिनी नाही. तिथे आहे सेबुआनो. बोलणारे दोनेक कोटी, लेख साठ लाखांच्या वर. केवढी जागरूक जमात असेल, असं वाटून मी त्यावर लिहायलाही घेतलं. खोदत गेले तेव्हा कळलं, की यांतले बहुतेक लेख स्वेर्कर योहानसन या एका स्वीडिश गृहस्थांच्या बॉटनं, म्हणजे आपोआप लेख लिहिणाऱ्या प्रोग्रॅमनं, लिहिले आहेत. प्राणी-वनस्पतींच्या आणि जगभरातल्या ठिकाणांच्या तयार याद्या घ्यायच्या, आणि साच्यात घालून प्रत्येक नोंदीचा एक लेख पाडायचा. कॅनडातलं एखादं निनावी तळं, सायबेरियातला ओढा, कुठला तरी भुंगा. सेबूतल्या माणसाला आपल्या गावाविषयी, आपल्या कवीविषयी काही वाचायचं असेल तर त्या साठ लाखांचा त्याला काय उपयोग? हाताने लिहिणारे तिथे अगदी थोडे आहेत. वाईच्या मराठी विश्वकोशाचे वीस खंड पुरे व्हायला १९७६ पासून २०१५ उजाडलं आणि त्यात नोंदी सुमारे अठरा हजार. कुठलं वैभव मोठं, याचं उत्तर मला द्यावं लागणार नाही.

हे फिलिपिन्सचं म्हणून सोडून देता आलं असतं. पण मग मराठीचे लेख वाढवण्यासाठी मी ज्या कार्यशाळा घेतल्या होत्या, त्यांतून निघालेले लेख पुन्हा वाचले. आम्ही मुलांना संगणकासमोर बसवून सांगायचो, आपापल्या तालुक्यातली गावं घ्या, दुपारपर्यंत प्रत्येकी दहा लेख झाले पाहिजेत. मुलं हुशार, त्यांनी स्वतःच्या हातानं बॉटचं काम केलं. अमुक हे तमुक तालुक्यातलं एक गाव आहे. इथले लोक शेती करतात. उन्हाळ्यात ऊन कडक असतं, पावसाळ्यात पाऊस पडतो. एका मुलानं कोकणातल्या गावाचा हवामानाचा परिच्छेद उचलून साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या गावाला चिकटवला होता: येथे मुसळधार पाऊस पडतो. माणमध्ये! जिथल्या माणसांच्या दोन पिढ्या चारा छावणी आणि टँकर यांच्या हिशोबात गेल्या, त्या गावावर इंटरनेटवर असलेलं एकमेव मराठी वाक्य ते होतं. आणि त्या लेखाची गणती माझ्या भाषणातल्या आकड्यात झाली होती. त्या मुलाला दोष देऊन काय उपयोग? त्याला दहा लेख मागितले होते, त्यानं दहा दिले. एका गावाचा एकच लेख मागितला असता, तर तो घरी जाऊन आजीला विचारून आला असता की ७२ च्या दुष्काळात गावानं काय केलं.

आता दुसरी बाजू. वाढ मोजायला सगळे धावतात, घट मोजायला फारसं कोणी नसतं. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्रानं २०२४ मध्ये ती मोजली: २०१३ मध्ये वेबवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडतच नव्हती. याहूनं १९९९ मध्ये साडेतीन अब्ज डॉलरहून जास्त किमतीला घेतलेलं जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं आणि लोकांनी हौसेनं बांधलेली लाखो घरगुती पानं एका दिवसात बाहेर फेकली गेली. ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या इंटरनेट अर्काइव्हनं आणि काही स्वयंसेवकांनी त्यातलं जमेल तेवढं उचलून ठेवलं. ऑर्कुट २०१४ मध्ये गेलं; त्यावर आपल्या किती जणांच्या किती वर्षांच्या गप्पा होत्या ते आठवा.

मराठीची घट याहून निराळ्या जातीची आहे, आणि इथे मी माझ्या मूळ धंद्यातलं बोलते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण सामान्य माणसाच्या संगणकावर ती नीट चालायला विंडोज २००० यावं लागलं आणि त्यातला र. कृ. जोशींनी रेखलेला 'मंगल' फॉन्ट यावा लागला. सगळीकडे रुळायला आणखी बरीच वर्षं गेली. त्याआधी आम्ही काम करायचो ते वेगळ्या युक्तीवर. इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचं चित्र बसवलेले फॉन्ट होते. पडद्यावर 'क' दिसायचा, फाइलमध्ये मात्र कुठलं तरी रोमन अक्षर साठायचं. पहिली वेलांटी डोळ्यांना व्यंजनाआधी दिसते म्हणून फाइलीतही आधी, रफार नंतर दिसतो म्हणून नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलट. प्रत्येक कंपनीची अक्षरांची मांडणी वेगळी, काहींचं सॉफ्टवेअर चालवायला संगणकाच्या पाठीमागे लॉक लावावं लागायचं. मराठी वृत्तपत्रांच्या सुरुवातीच्या साइटही याच पद्धतीच्या. आधी फॉन्ट उतरवून घ्या, मग वाचा. आज अर्काइव्हमधून त्या काळातलं पान बाहेर काढलं, तर टोपीवाले रोमन स्वर आणि पौंडाची चिन्हं दिसतात. पान जपलेलं आहे, वाचता येत नाही. कुठलंही शोधयंत्र त्याला मराठी म्हणून ओळखत नाही.

म्हणजे बघा, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून पुढची पंधरा-वीस वर्षं मराठीत छापलं गेलेलं बहुतेक सगळं संगणकावरच जुळवलेलं आहे. कादंबऱ्या, संतसाहित्याच्या आवृत्त्या, जिल्ह्याजिल्ह्यांची साप्ताहिकं, संस्थांचे सुवर्णमहोत्सवी अंक, दरवर्षीचे शेकडो दिवाळी अंक. माणसानं लिहिलेला, संपादकानं तपासलेला, प्रूफरीडरनं वाचलेला मजकूर. तो टाइप झालेला आहे. आणि इंटरनेटच्या हिशोबात तो शून्य आहे. आम्ही मुलांना माणच्या गावात मुसळधार पाऊस पाडायला बसवलं होतं, तेव्हा हा मजकूर माझ्याच कपाटात सीड्यांच्या डब्यात पडून होता.

इथे एक गैरसमज नको. इंटरनेट लहान होतं तेव्हा चांगलं होतं, असं म्हणणाऱ्यांत मी जाऊन बसलेले नाही. माझ्या वयाच्या मित्रमंडळींत हा सूर फार आहे, आणि मला तो आवडत नाही. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलनं इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, त्यातलं 'सर्वांसाठी' म्हणजे ज्यांच्याकडे संगणक होता, टेलिफोन होता आणि इंग्रजी होतं ते सर्व. माणसांची वाढ ही मला आजही वाढच वाटते. २०१४ मध्ये एका जीबीसाठी ग्राहक सरासरी अडीचशे रुपयांच्या वर मोजत होता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि दोन वर्षांत तो दर बारा रुपयांच्या आसपास उतरला. मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळायला लागला. ज्या शेतकऱ्याच्या तलाठ्याकडच्या खेपा वाचल्या, त्याच्या लेखी इंटरनेट एका पानाचं आहे आणि ते पुरेसं मोठं आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेनं २०२४ साठी दिलेल्या अंदाजात साडेपाचशे कोटी लोक इंटरनेटवर होते आणि २६० कोटी बाहेर. हे बाहेरचे मोजायलाच हवेत. माणसं मोजण्याबद्दल माझी तक्रार नाही. पानं मोजण्याबद्दल आहे.

माझ्याविरुद्धचा सगळ्यांत जोरकस मुद्दा एका तरुण सहकाऱ्यानं मांडला. ताई, तो म्हणाला, आता यंत्रं इंटरनेटवरच्या मजकुरातून भाषा शिकतात. मराठीचा ढीग लहान राहिला तर यंत्रांना मराठी येणार नाही, मग तुमच्या दर्जाला कोण विचारतो? हा मुद्दा मी हसण्यावारी नेऊ शकत नाही. ढीग लागतो हे खरं आहे. पण ढीग वाढवण्याचा सोपा रस्ता आता त्याच यंत्रांकडून मराठी लिहवून घेण्याचा आहे, आणि तो धंदा सुरूही झालाय. इम्पर्व्हा या सुरक्षा कंपनीच्या हिशोबात २०२४ मध्ये वेबवरची निम्म्याहून जास्त ये-जा माणसांची नव्हती, बॉटची होती. यंत्रानं लिहायचं, यंत्रानं वाचायचं आणि आपण आकडा वाढला म्हणून पेढे वाटायचे. सेबुआनोला एका माणसाचा बॉट आणि काही वर्षं लागली. आज कुणीही उठून महिन्याभरात मराठीचे दहा लाख लेख पाडू शकेल. ढीगच हवा असेल तर तो आपल्याकडे लिहून, तपासून तयार आहे, फक्त चुकीच्या फॉन्टमध्ये आहे. सहकाऱ्याचं समाधान झालं का, माहीत नाही. तो सध्या माझ्या सीड्या उतरवून देतो आहे.

तेव्हा ज्यांना मी कधी काळी पानं वाढवायच्या कामाला लावलं, त्यांना आणि प्रकाशक, मुद्रक, जुने डीटीपीवाले अशा सगळ्यांना माझी विनंती आहे. नवीन लेख पाडणं तूर्त थांबवा. कपाटं उघडा. नवीन संगणकांना सीडी ड्राइव्ह येत नाही, फ्लॉपीचा तर कधीच गेला. जुना संगणक अजून सुरू होत असेल तर तो भंगारात द्यायच्या आधी त्यातल्या फाइली आणि त्यासोबतचे फॉन्ट दोन्ही बाहेर काढा, कारण फॉन्ट नसेल तर फाइल मुकी आहे. लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी घ्या. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क त्यांचा असतो. मग मजकूर युनिकोडमध्ये आणा, आणि जो मोकळा करता येईल तो विकिस्रोतासारख्या ठिकाणी किंवा स्वतःच्या साइटवर ठेवून त्याची एक प्रत अर्काइव्हकडेही द्या. कन्व्हर्टरवर विसंबून राहू नका. वेलांटी आणि रफार तो हमखास चुकवतो. छापील प्रत शेजारी ठेवून प्रूफ वाचायला माणूस बसवा, आणि त्याला त्याचे पैसे द्या.